सरहद्दीवरचा पाय

"अहो, मोडला तो पाय नेपाळातच होता!" प्लास्टरमधला डावा पाय स्टुलावर नीट ठेवत मी पुन्हा सांगितलं.

विमा कंपनीचे साहेब आमच्या सोफ्यावर पोह्यांची दुसरी बशी संपवत होते. "मान्य, काकू. सहलीहून परतताना सरहद्दीच्या कमानीत तुमचा पाय घसरला. पण पडलात भारतात. आमची पॉलिसी फक्त परदेशातल्या अपघाताची."

"म्हणजे पाय तिकडे मोडला आणि अपघात इकडे झाला?"

"अगदी बरोबर! थांबा, करूनच दाखवतो."

साहेब उत्साहाने उठले. आमच्या उंबरठ्याची त्यांनी सरहद्द केली. एक पाय बाहेर जिन्याकडे, दुसरा आत पायपुसण्यावर. "तो नेपाळ, हा भारत. आता तुम्ही अशा घसरलात, की..."

पायपुसणं सरकलं. साहेब धाडकन आडवे झाले, अर्धे आत, अर्धे बाहेर. चष्मा जिन्यावरून खाली गेला.

"काकू, कंबर गेली! डॉक्टरांना बोलवा!"

मी फोन हातात घेतला.

"बोलावते की. फक्त आधी एवढं ठरवू या साहेब, तुम्ही माझ्या घरात पडलात की बाहेर?"