एकेचाळीस ओळी

तिची कोडमधली ओळ लिहून झाली होती. फाइल सेव्ह केली की काम फत्ते. फोटो एकदा फोनवर आले की वर्षभर तिथेच राहणार, पुन्हा सर्व्हरकडे मागावे लागणार नाहीत. आईची तक्रार तेवढीच होती: "तुझ्या बाबांचं ते पान उघडायला घेतलं की माझी भाजी चिरून होते, तरी फोटो येत नाहीत."

पान घरच्यांपुरतंच होतं. बाबांनी जुन्या फोटोंचं बनवलेलं, पुस्तकांच्या कपाटाशेजारी घरघरणाऱ्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर ठेवलेलं; तोच घरचा सर्व्हर. एकूण एकेचाळीस फोटो. पहिल्यात दाराबाहेर काढलेले तिचे शाळेचे बूट, एक उभा, एक आडवा.

गंमत म्हणजे ऑफिसात बाबांनी जन्मभर हेच काम केलं. तिलाही त्यांनीच शिकवलं: जे बदलत नाही ते ब्राउझरला ठेवून घ्यायला सांगायचं, उगाच हेलपाटे घालायला लावायचे नाहीत. घरी मात्र उलटा कारभार. काही म्हणजे काही ठेवायचं नाही, दर वेळी नव्याने मागायचं. वर त्यांची टीप: "हे मुद्दाम आहे."

नोकरीसाठी ती दूर गेली तेव्हा बाबांनी एवढंच सांगितलं होतं, "रोज सकाळी पान उघडत जा. सर्व्हर चालू आहे का, ते बाहेरून कळतं." बारा वर्षं तिने ते दात घासता घासता उघडलं. फुकटची तपासनीस, असं ती मैत्रिणींना हसून सांगायची. बाबा स्वतः कधी फोन करायचे नाहीत. एकदाच केला. ती तापाने फणफणली होती, दुपार झाली तरी अंथरुणातच होती.

"सर्व्हर दिसतोय का गं तिकडून?"

"बाबा, मी इथे मरायला टेकलेय आणि तुम्हाला सर्व्हरची पडलीय!"

त्यांनी गुपचूप फोन आईकडे दिला होता. बाबांना जाऊन तीन महिने झाले, तरी तिचा तो राग काही गेला नव्हता.

"आई, बाबांनी हे असं का करून ठेवलंय? मुद्दाम म्हणे."

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. "मला त्यातलं काय कळतंय? पण तुझ्या ओळी त्यामुळेच येतात, असं म्हणायचे."

"कसल्या ओळी?"

"त्या पडद्यावर. तू तिकडे पान उघडलंस की भराभर एकेचाळीस ओळी उमटायच्या, मागितलेल्या फोटोमागे एक. त्या येईपर्यंत चहाला हात लावायचे नाहीत. आल्या की म्हणायचे, उठली गं आपली बाई."

"आणि मला ताप आला होता, त्या दिवशी?"

"सकाळपासून खुर्चीतून हलले नव्हते. शेवटी मीच म्हटलं, करा की एक फोन. तर म्हणे, काय बोलू?"

तिला रडू आवरेना. आईने हातातला टॉवेल तसाच तिच्यापुढे केला.

मग तिने चाळीस फोटो वर्षभरासाठी ठेवून घ्यायला लावले. बुटांचा तेवढा वगळला. टीप तशीच राहू दिली.

"आता लगेच उघडेल बघ," ती आईला म्हणाली. "पण रोज सकाळी उठलीस की एकदा उघडत जा. सर्व्हर चालू आहे का कळतं."

आईने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं बाई," म्हणाली.

ती परत आपल्या शहरात गेली. आठवडाभर सकाळी सातच्या सुमाराला घरच्या सर्व्हरवरून तिच्या लॅपटॉपवर बुटांच्या फोटोची एक ओळ नेमाने आली. आठव्या दिवशी साडेसात झाले. मग पावणेआठ. समोरच्या चहावर साय धरली. तिने फोन लावला. पलीकडून आईचा "हॅलो" ऐकू आला आणि विचारायचं ठरवलेलं सगळं ती विसरून गेली.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "सर्व्हर दिसतोय का गं?"