गणिताच्या बाईंचा गाण्याचा तास

गणित आणि विज्ञानाचं शिक्षण सुधारावं म्हणून शाळेला सरकारी अनुदान मिळालं. त्या विषयांच्या शिक्षकांना नवा वर्ग आणि नवा संगणक मिळणार, हे कळताच एकच झुंबड उडाली. चित्रकलेचे सर म्हणाले, "वर्तुळं मीच काढतो, म्हणजे भूमिती माझीच!" कवायतीच्या सरांनी तर तिथल्या तिथे उडी मारून गुरुत्वाकर्षणावर हक्क सांगितला. वेळापत्रक लागलं, तेव्हा गणिताच्या मूळ बाईंच्या वाट्याला उरला पाचवीचा गाण्याचा तास.

"अहो सर, मला गाता येत नाही!" बाई रडकुंडीला आल्या.

"गणित घेतलेल्या सरांना तरी कुठे गणित येतंय? घ्या सांभाळून," मुख्याध्यापक म्हणाले.

बाईंनी मग मुलांना नुसत्या टाळ्या वाजवायला लावल्या. एका ठोक्यात दोन टाळ्या बसल्या की प्रत्येक टाळी अर्धी, चार बसल्या की पाव. मुलांना खेळ मिळाला आणि बोलता बोलता अपूर्णांक अंगवळणी पडले.

वर्षअखेरीस तपासणीला साहेब आले. "अर्ध्याचं अर्धं किती?" त्यांनी वर्गावर्गात विचारलं. नव्या संगणकांसमोर बसलेली मुलं छताकडे बघत राहिली. पाचवीने मात्र टाळ्यांचा कडकडाट करत "पाव!" म्हणून शाळा दणाणून सोडली.

साहेब जाम खूश. "पुढच्या वर्षीचं अनुदान गाण्याला!"

 

दुसऱ्या दिवशी गणित न मागता बाईंकडे परत आलं, कारण बाकी झाडून सगळे सर नळापाशी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत उभे होते.