रविवारचं औषध

"पाय द्या," ती म्हणाली.

पलंगाच्या कडेला बसलेल्या नवऱ्याने उजवा पाय उचलून तिच्या मांडीवरच्या टॉवेलवर ठेवला. ऑपरेशननंतर त्याची कंबर वाकत नव्हती, नाहीतर आपल्या पायाचा अंगठा कोण दुसऱ्याच्या हाती देतो? उभा जन्म लॉन्ड्रीत, ओल्या गमबुटांत गेला. तिथली कमाई म्हणून ही बुरशी नखाला चिकटली होती. डॉक्टरांनी एक चिमुकली बाटली दिली आणि बजावलं, आठवड्यातून एकदा नख घासायचं, वरून औषधाचा ब्रश फिरवायचा आणि वाळू द्यायचं. नख सावकाश वाढतं, वर्षभर तरी जाईल.

वर्षभर म्हटल्यावर लोकांचे चेहरे पडतात. त्याला बरं वाटलं होतं.

मुलगा अपघातात गेल्यापासून घरात बोलणं उरलं नव्हतं. मोटारसायकल नको, असं ती कानीकपाळी ओरडत होती आणि चावी मुलाच्या हातात ठेवली ती यानेच. त्यावरून ती त्याला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती, चार शिव्या हासडल्या असत्या, तर त्याने मान खाली घालून ऐकल्या असत्या. तिने फक्त आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. जेवण वेळेवर मिळे, कपड्यांच्या घड्या जागच्या जागी असत, पण जाता-येता तिचा पदरही त्याला लागत नव्हता. रविवारी मात्र त्याचा पाय तिच्या हातात असे.

आणि नेमकं नख बरं होत चाललं होतं. मुळापासून नवं, गुलाबी नख पुढे सरकत होतं. जग दुखणं जावं म्हणून देवाला हात जोडतं. हा बाबा आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या मुद्दाम ओल्या ठेवायचा आणि वरून मोजे चढवायचा. पण औषध इमानी निघालं. आज खिडकीतल्या उन्हात अंगठ्यावर पिवळा ठिपकासुद्धा दिसत नव्हता.

तिने नख घासलं. कापसाने पुसलं. आता ती "झालं" म्हणणार आणि टॉवेल झटकून उठणार, म्हणून त्याने श्वास धरून ठेवला.

ती उठली नाही. तिने बाटलीचं झाकण फिरवून ब्रश बाहेर काढला.

औषध उघडलं की नाकाला झोंबणारा वास खोलीभर व्हायचा. आज वास आला नाही, आणि गेल्या काही रविवारीही आला नव्हता, हे त्याला आत्ता जाणवलं. ब्रश नखावरून या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरला, पण गार काही लागलं नाही. नुसते केस गुदगुल्या करून गेले. त्याने बाटलीकडे पाहिलं. काचेतून पलीकडची तिची बोटं स्वच्छ दिसत होती. तळाशी औषधाची वाळकी खपली होती, आजची नव्हे, कितीतरी दिवसांची.

"अगं, ही बाटली..." असं त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"अजून पिवळं आहे का गं?" त्याने विचारलं.

तिचा हात थांबला. त्या नितळ नखाकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"आहे," ती म्हणाली. "जायला वेळ लागेल."

त्याचे डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून त्याने तोंड फिरवलं आणि पाय मागे घेऊ लागला. तिने टाच घट्ट धरली.

"हलवू नका. वाळू द्या."

आणि खाली वाकून त्या कोरड्या नखावर ती हळूहळू फुंकर घालत राहिली.