हरणाचा नाश्ता

हरणाला पॅनकेक वाढायचे आणि मनात येईल ते बोलायचं, एवढंच काम होतं.

"पण हरीण माझ्या स्वयंपाकघरात कशाला आलंय?" केसांना पिना लावून घेत व्हर्नाने विचारलं. तिला वरच्या खोलीत आरशासमोर बसवलं होतं.

"ते रोजच येतं," रोवन म्हणाली. पंचविशीतली ही दिग्दर्शिका चार मित्र आणि उसना कॅमेरा घेऊन नेब्रास्कातल्या या शेतघरात उतरली होती. "ते कधी बोलत नाही. का येतं, ते मलाही ठाऊक नाही, मिसेस स्टकी. पण आलेलं बरं दिसतं."

ठरलेली नटी गाडी बंद पडून ओमाहात अडकली, म्हणून घरमालकिणीलाच उभं केलं होतं. व्हर्नाने फारसे आढेवेढे घेतले नाहीत. तिच्या डोक्यात वेगळाच घोर होता. गुरुवारी तिला हे घर सोडून जायचं होतं आणि नवऱ्याला ते अजून सांगून झालं नव्हतं.

सांगायची हिंमत तिच्यात होती. सवड मिळत नव्हती. ओरिनच्या तोंडाला खीळ नव्हती. रविवारी तिने "ओरिन, मी गुरुवारी" एवढं म्हटलं, तोच त्याने गुरुवार पकडला. त्या दिवशी ट्रॅक्टरांचा लिलाव होता. लिलावावरून तो जुन्या ट्रॅक्टरवर गेला, तिथून वादळावर, आणि वादळ ओसरेपर्यंत जेवण आटोपलं. चित्रपटवाल्यांनाही त्याने सोडलं नव्हतं. ध्वनिमुद्रण करणारा हायरम तर कानांवरचे हेडफोन काढून दोनदा अंगणात जाऊन हात जोडून आला होता.

व्हर्ना खाली आली तेव्हा अंगणात सामसूम होती. ओरिनला कुणीतरी काहीतरी आणायला गावात पिटाळलं असावं. तिला हायसं वाटलं. स्वयंपाकघराच्या खिडक्या आवाजासाठी बंद केल्या होत्या, त्यामुळे आत भट्टी झाली होती. टेबलाशी तपकिरी सूट घातलेलं हरीण बसलं होतं. फांदीदार शिंगं, काचेचे डोळे, हातांत केसाळ मोजे. आतल्या बिचाऱ्या पोराची तिला कीव आली.

रोवनने खूण केली. कॅमेरा सुरू झाला.

व्हर्नाने ताटलीत पॅनकेक ठेवले, वर मेपलचा पाक ओतला. हरणाने काटा उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"तू बरा आहेस," ती म्हणाली. "ऐकून घेतोस." थोडं थांबून तिने पाहिलं. कुणी मध्ये पडलं नाही. "माझ्या नवऱ्याला मी एक गोष्ट सांगायला बघतेय. तो वाईट नाही रे. हिवाळ्यात सकाळी माझी गाडी तोच गरम करून ठेवतो, न सांगता. पण मी तोंड उघडलं की पुढचं सगळं तोच बोलून टाकतो. माझी आई गेली तेव्हा चर्चमध्ये तिच्याबद्दल मी चार शब्द बोलणार होते. उभीसुद्धा राहिले होते. तर हाच बोलला. छान बोलला. माणसं रडली. पण आई माझी होती."

हरणाच्या हातातला काटा ताटलीवर टेकला.

"गुरुवारच्या बसने मी डलुथला चाललेय. बहिणीकडे, अर्डिथकडे. तिचं पावाचं दुकान आहे. मागच्या बाजूला भट्टी, वर एक खोली. तिथे भल्या पहाटे पीठ मळायचं आणि दुपारपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. मला तेच हवंय. परत यायचं की नाही, ते..."

"कट," रोवन म्हणाली. "सॉरी, कॅमेऱ्याचं कार्ड भरलं. पण फारच सुंदर झालं."

हरणाने दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं उचललं. आत ओरिन होता.

मूळ नटाला मुखवट्यात घुसमटून भोवळ आली होती. त्याच्या मापाचा दुसरा माणूस शोधताना हायरमनेच अंगणाकडे बोट दाखवलं होतं. म्हणजे हरीणही मिळेल आणि बडबडही थांबेल, असा त्याचा हिशेब.

ओरिनने तोंड उघडलं.

"श्श," हायरमने ओठांवर बोट ठेवलं. "कुणी हलू नका, बोलू नका. मिनिटभर या खोलीची शांतता भरून घेतो. संवाद जोडताना त्यांच्या खाली लावायला लागते."

सगळे जागच्या जागी थांबले. रोज प्रत्येक सीननंतर ते असेच थांबत. ओरिननेही तोंड मिटलं. फ्रिज घुरघुरत होता. व्हर्नाच्या हातात पाकाचं भांडं होतं, ते खाली ठेवायचीही सोय नव्हती. समोर नवरा होता, घामाने केस कपाळाला चिकटलेले, डोळे लाल. तिला त्याची दया आली आणि त्या दयेचा रागही आला. आता हा डलुथ पकडेल, ती मनात म्हणाली. मग तिथलं मोठं सरोवर, मग थंडी. गुरुवार येईल आणि निघून जाईल.

"झालं," हायरम म्हणाला. "बोला आता."

सगळ्यांनी ओरिनकडे पाहिलं. तो काही बोलेना. ते अवघडलेपण रोवनला सोसवलं नाही. "मिसेस स्टकी, मला वाटतं तुम्ही आज..."

ओरिनने केसाळ पंजा वर करून तिला थांबवलं.

"जरा गप्प बस, पोरी," तो म्हणाला. "हिचं वाक्य अजून पुरं झालेलं नाही."