हास्लिंगरचं शेवटचं वाक्य

“खिळे कुठं आहेत?” फुर्माननं दारातूनच विचारलं. नमस्कार नाही, की फार वाईट झालं म्हणणं नाही. ‘वेकर’ साप्ताहिकाच्या छापखान्याचा उंबरा त्यानं आजवर ओलांडला नव्हता, आणि ओलांडल्यावर काय बोलायचं असतं ते त्याला सुचेना.

वाल्बुर्गाबाईंनी खिडकीखालच्या, शिशाच्या अक्षरांच्या पेट्या दाखवल्या. काळ्या पोशाखावरच त्यांनी शाईचे डाग पडलेला ॲप्रन बांधला होता. आतल्या खोलीत त्यांचा नवरा, ‘वेकर’चा संपादक हास्लिंगर, शवपेटीत होता. दफन उद्या, शनिवारी. आणि शनिवारी ‘वेकर’ निघाला नाही असं अमेरिकेतल्या या जर्मन लोकांच्या गावात कधी झालं नव्हतं. मिसूरी नदी चर्चच्या पायऱ्यांना लागली त्या वर्षीसुद्धा निघाला होता. जर्मन खिळे जुळवणारी माणसं गावात दोनच. एक हास्लिंगर, आणि दुसरा हा फुर्मान, बुधवारी निघणाऱ्या ‘बोटे’ या पत्राचा संपादक. दोघांचं उभं वैर. हास्लिंगर चर्चचा, फुर्मान देव न मानणाऱ्या तालीमवाल्यांचा.

“बाकी सगळं यांनी जुळवून ठेवलंय,” बाई म्हणाल्या. “एवढा एकच मजकूर राहिलाय. तो गाळलात तरी चालेल.”

“का म्हणून?”

“तुमच्यावरच लिहिलाय.”

“मग तर गाळायचाच नाही, बाई. मला शिव्या नसल्या तर लोक म्हणतील, अंक अर्धाच निघाला.”

चष्मा चढवून तो कामाला लागला. तालीमवाले अंगानं मारतात तशाच मतांनीही कोलांट्या मारतात, असं हास्लिंगरनं लिहिलं होतं. फुर्मानला हसू फुटलं. “लेकाचा लिहायचा मात्र!” तो बोलून गेला, आणि आतल्या खोलीकडे बघून त्यानं जीभ चावली.

शेवटाशी त्याचा हात थांबला. ‘देव नाही म्हणून हा फुर्मान तालमीत बोंबलतो, पण बाहेर ढग गडगडले की’ एवढंच लिहिलेलं होतं. पुढं शाईची एक रेघ घसरत कागदाच्या कडेपर्यंत गेली होती.

“तिथंच खुर्चीत गेले,” बाई हळूच म्हणाल्या. “पुढं टिंबं द्या आणि सोडून द्या.”

“टिंबं?” फुर्मान भडकला. “हास्लिंगरचं वाक्य मी टिंबांवर संपवू? अहो, एवढी वर्षं मी काय कुणा लुंग्यासुंग्याशी भांडलो?”

मग कागदावर काही न लिहिता त्यानं सरळ खिळेच उचलायला सुरुवात केली. जुळवलेल्या ओळींचा कागदावर ठसा काढून त्यानं बाईंपुढं धरला. ‘पण बाहेर ढग गडगडले की सगळ्यांच्या आधी हॅट काढतो.’

“खरं आहे का हो हे?” बाईंनी विचारलं.

“खरंखोटं राहू द्या. त्याचं वाटतं की नाही?”

बाईंनी ॲप्रनचं टोक डोळ्यांना लावलं. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. “हुबेहूब,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चर्चबाहेर ज्याच्या त्याच्या हातात ‘वेकर’ होता. माणसं डोळे पुसत होती आणि शेवटच्या वाक्याशी आली की खो खो हसत होती. फुर्मान समोरच्या झाडाखाली तालीमवाल्यांबरोबर उभा होता. चर्चच्या मिरवणुकीपुढं हॅट काढायची नाही, हा त्यांचा बाणा होता. ती गावच्या महापौराच्या अंत्ययात्रेलाही त्यांनी काढली नव्हती.

बेकरीवाला झुमब्रुन अंक फडकावत रस्ता ओलांडून आला. “जाता जाता चांगलीच जिरवली की तुमची! आता बुधवारी काय उत्तर देणार?”

“याला उत्तर नाही,” फुर्मान छाती फुगवून म्हणाला.

चर्चचं दार उघडलं आणि शवपेटी बाहेर आली. आभाळ निरभ्र होतं. फुर्माननं सगळ्यांच्या आधी हॅट काढली.