खाडीच्या वळणावर

ओहोटीच्या वेळी सुगंधा आणि तिची सासू खाडीच्या गाळातून तिसऱ्यांच्या शिंपल्या काढत होत्या. सासूला ऐकायला कमी येई. कंबरभर पाण्यात वाकून ती हातांनी गाळ चाचपत होती.

तेवढ्यात वळणापलीकडून इंजिनाचा आवाज आला आणि त्यावर पर्यटकांचा आरडाओरडा, "दादा, अजून जोरात!" कांदळवनाआडून होडी सुसाट बाहेर पडली, ती थेट सासूच्याच रोखाने.

"आये, सर बाजूक!" सुगंधा किंचाळली. सासूला पत्ताच नव्हता. सुगंधाने झेप घेऊन तिला कवेत धरलं, बाजूला खेचलं आणि दोघी पाण्याखाली गेल्या. डोक्यावरून लाट गेली. वर आल्या तेव्हा होडी वळून कांदळवनात घुसली होती. सुकाणूवर सुगंधाचा नवरा गुणाजी होता, पांढराफटक पडलेला.

सासूच्या डोळ्यांत गाळ गेला होता, तिला काही दिसत नव्हतं. खोकत खोकत ती म्हणाली, "कोण मेलो असो चालवता? माझो गुणाजी कधी असा करूचो नाय."

 सुगंधाने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. होडीतले पर्यटक काठाला धरून त्यांच्याकडे बघत होते.

गुणाजी गाळात उतरला, आईपाशी आला आणि पुटपुटला, "आये, होडी मीच चालवी होतंय."

"काय?" तिने कान पुढे केला.

गुणाजीने एकदा होडीकडे पाहिलं. मग अख्ख्या खाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्याने ते पुन्हा सांगितलं.