गुणगुण राहू दे

"वायर बॅटरीवरून थेट घेतो," उमर पिकअपच्या बॉनेटखालून डोकं काढत म्हणाला. "लायटरच्या सॉकेटातून घेतली, तर रेडिओत इंजिनाची गुणगुण येत राहील. चढावर तर डोकं उठवंल."

"येऊ दे," सलाउद्दीन म्हणाला. "सॉकेटातूनच घे."

उमर घोटीत गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करायचा. आवाज घालवा म्हणणारी गिऱ्हाइकं त्याने भरपूर पाहिली होती, ठेवा म्हणणारं हे पहिलंच. त्याने जैतुनबीकडे पाहिलं. नवऱ्याला तुम्हीच समजवा, असं त्या पाहण्यात होतं. पण जैतुनबी म्हणाली, ते सांगतात तसंच कर.

"घरात बसून कळलं पाहिजे," सलाउद्दीनने पुस्ती जोडली. "गाडी चालू हाय का बंद."

उमरने खांदे उडवले. दोन्हीकडून बोलता येणाऱ्या रेडिओचा एक सेट गाडीत आणि दुसरा घरात, खिडकीजवळ. गाडीच्या टपावर अँटेना बसली, घराच्या पत्र्यावर लोखंडी पाइप उभा करून दुसरी बसली. गाडीतला माईक कुठे अडकवायचा, असं त्याने विचारलं, तर सलाउद्दीन म्हणाला, तिला विचार. जैतुनबीने जागा दाखवली, तिथे हुक लागला. या घरात भिंतीत खिळा ठोकायचा तरी तिची परवानगी लागते, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. गाडीच्या सीटवर तिने आधीच एक जाडजूड उशी शिवून टाकली होती.

हा सगळा खटाटोप दुधासाठी होता. डोंगरातल्या वाड्यांवरून दूध गोळा करून घोटीच्या डेअरीत पोचवायचं, ही लाइन वर्षानुवर्षं सलाउद्दीनची. मध्ये तो आजारी पडला, गाडी दारात उभी राहिली आणि लाइन यादवच्या टेम्पोकडे गेली. परत मागायला नवरा-बायको दोघं गेले, तेव्हा डेअरीचा रवी बराच वेळ पेन चाळवत बसला. माणसं चांगली आहेत, पण या गाडीचा भरवसा कसा धरायचा, त्यात घाटात मोबाइलला रेंज नाही, असं तो म्हणाला. शेवटी एक फेरी द्यायला तयार झाला. टँकर निघायच्या आत दूध आलं तर लाइन तुमची, नाही तर यादवची. लाइन गेली तर गाडी विकावी लागणार होती. सलाउद्दीनला गाडी विकणं म्हणजे हात कापून देण्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गाडी निघाली. सलाउद्दीनने बिस्मिल्ला म्हणत माईक उचलला.

"ऐकू येतंय का?"

"येतंय," जैतुनबी म्हणाली. "गप नका बसू. बोलत राहा."

मग काय, सलाउद्दीनला तेवढंच हवं होतं. डावीकडे फणसाचं झाड, त्याच्यापुढे रस्ता खचलाय, उजवीकडून गेलेलं बरं. ओढ्याच्या फरशीवर शेवाळ असतं. वळणावर ठमाबाईची म्हैस बसलेली असते, ती काही उठत नाही. वाटेतला एकेक दगड तो नावानिशी ओळखत होता, आणि किती तरी दिवसांनी त्याला तो सांगायला मिळत होता. त्याच्या जिवाला फार बरं वाटत होतं.

चढावर गुणगुण बारीक होत वर गेली. सलाउद्दीनचा डावा पाय आपोआप दाबला गेला.

"आता दुसरा गिअर," तो म्हणाला.

पीरबाबाच्या दर्ग्यापाशी हॉर्न दिल्याशिवाय तो आयुष्यात कधी पुढे गेला नव्हता. आजही हॉर्न वाजला. त्याने उजवा हात कपाळाला लावला.

वाड्यांवरचं दूध भरून झालं आणि उतार सुरू झाला. निम्मा घाट बाकी असताना ट्रॅक्टरचा भोंगा ऐकू आला. तिथे रस्ता एकाच गाडीपुरता. ट्रॅक्टरला ट्रॉली होती, म्हणजे तो मागे जाणार नव्हता.

"झऱ्यापाशी जागा हाय," सलाउद्दीन म्हणाला. "तिथवर मागं जायचं. भरल्या कॅनला धक्का नको. आता थोडा वेळ बोलू नको, जैतुन."

त्याने माईक मांडीवर ठेवला. डावा पाय अर्ध्यावर धरून तो बसून राहिला. मान मागे वळली होती. एक कॅन लवंडला असता तरी रवीला निमित्त पुरलं असतं. सलाउद्दीनच्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि रेडिओ मुका होता.

मग तो खरखरला.

"गेला ट्रॅक्टर. हात घामानं भिजलेत माझे," जैतुनबी म्हणाली.

"माझेबी," तो म्हणाला आणि हसला. तीही हसली. गुणगुण पुन्हा सुरू झाली, या वेळी जाडसर आणि सावकाश, पायाखालच्या उताराची.

डेअरीच्या फाटकात टँकरचं इंजिन तापत होतं, पण टँकर जागेवरच होता. रवीने कॅन उतरवून घेतले, दूध तपासलं.

"उद्यापासून रोज या," त्याचा आवाज आला. "यादवला मी सांगतो."

सलाउद्दीनने पुन्हा उजवा हात कपाळाला लावला.

थोड्या वेळाने गाडी दारात येऊन थांबली. सलाउद्दीनने माईक घरातल्या खिडकीजवळच्या हुकाला अडकवला, कोपऱ्यातली पांढरी काठी चाचपून घेतली आणि भिंतीला धरत ओट्यावर आला. समोर ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि जैतुनबीच्या बांगड्या वाजत खाली उतरल्या.